सांदवाडीचा उतार पेढीकडे

अन्साबाई गेल्याचा निरोप अकोल्याला एसटीच्या कंडक्टरने आणला. वलगावच्या स्टँडवर कुणीतरी त्याला सांगितलं होतं. गाडी लागल्याबरोबर तो बिचारा तसाच आमच्या दुकानात आला आणि टोपी काढून म्हणाला, "तुमच्या वयनी गेल्या, पहाटेच." हे तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यांनी निरोप ऐकला, गिऱ्हाइकाचं सामान बांधून दिलं, मग मागे घरात येऊन मला सांगितलं आणि चपला घालून दारात उभे राहिले. मी म्हटलं, जेवून निघू, तिथं आज चूल पेटणार नाही. तर म्हणाले, "पेटली असती तरी मी कुठं जेवनार व्हतो तिथं?" एवढं बोलून ते स्टँडकडे चालू लागले. आता या गोष्टीला महिना होऊन गेला आहे. अन्साबाईंवर कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

अन्साबाई माझी मोठी जाऊ. लग्न होऊन वलगावला आल्या तेव्हा त्या स्वतःच पोरसवदा होत्या आणि हे अजून धड चालतही नव्हते. सासूबाई तेव्हा सतत आजारी. त्यामुळे या धाकट्या दिराला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं बाईंनीच केलं. यांना त्या बापू म्हणत, आणि हे त्यांना वयनी. पुढे बाईंना स्वतःची मुलं झाली, पण घरात पहिला घास बापूचा ही पद्धत काही बदलली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "अकोल्याची हायेस ना? झाडू धरता येते का?" मी म्हटलं, येते. त्या म्हणाल्या, "दाखव."

झाडून दाखवायचं ते घरामागच्या सांदवाडीत. आमच्याकडे घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. तिथं गोठा, न्हाणी, वाल-दोडक्यांचे मांडव आणि दोन संत्र्यांची झाडं होती. जागेचा उतार थेट पेढी नदीपर्यंत. मधे भिंत नाही, कुंपण नाही. बाईंना स्वच्छतेचं वेड होतं. जमिनीवर एक काडी त्यांना खपत नसे. सगळा पाला, चुलीची राख, फुटकी टोपली, जेवणाच्या पत्रावळी, जे असेल ते झाडत झाडत उतारावरून खाली न्यायचं आणि कडेवरून पेढीत ढकलायचं. सगळी गल्ली तेच करी. पावसाळ्यात नदी ते घेऊन जाई, उन्हाळ्यात ते तिथंच पडून राही, आणि त्याच पात्रात चार हात पलीकडे वाळूत झिरा खणून बायका वाटी-वाटीने पिण्याचं पाणी भरत. मला शहरच्या पोरीला ते विचित्र वाटलं होतं, पण नव्या सुनेला कोण विचारतो? मीही ढकलत गेले.

पुढे यांनी अकोल्याला दुकान टाकलं. बियाणं, पोत्यातलं खत, कपाशीवर मारायच्या पावडरी. तेव्हा ते सगळं नवं होतं आणि यांना त्याचा मोठा अभिमान. आणि खोटं कशाला बोलू, कपाशी वाचत होती, लोक दुवा देत होते. वलगावला जाताना हे दरवेळी काही ना काही नेत. एका वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी त्यांनी पावडरीचे दोन डबे नेऊन बाईंपुढे ठेवले. कारण आदल्या वर्षी मुंग्यांनी कहर केला होता. मुखवट्यांवर चढल्या, पुरणात गेल्या, आणि सासूबाईंनी चारचौघींत बाईंना फार बोलून घेतलं होतं. हे म्हणाले, "वयनी, उंबरठ्यापाशी चिमूट चिमूट टाका, एक मुंगी दिसनार नाई." बाईंना चिमूट ही गोष्ट माहीत नव्हती. महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही डबे शेणात ओतले, हाताने कालवले आणि त्या शेणाने ओटा, अंगण, सगळी सांदवाडी पार नदीच्या कडेपर्यंत सारवून काढली. मीही सारवायला होते. कुबट वास येत होता, हात चुरचुरत होते. बाई म्हणाल्या, "वास येऊन राहिला म्हंजे गुन हाय त्याच्यात." काम झाल्यावर घमेली आणि बादल्या आम्ही खाली डोहातच धुतल्या. सारवणात औषध घालायचं, हे आमच्यासारख्या सारवणाऱ्या बायकांनाच सुचू शकतं.

त्या साली पावसाने ओढ धरली होती. पेढी वाहत नव्हती, नुसती डोहामागे डोह अशी पडून होती. नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी पाऊस आला. अर्धा तासच, पण असा कोसळला की सगळं सारवण खरवडल्यासारखं उतारावरून वाहून गेलं. मुंगी मात्र खरंच एकही नव्हती. सासूबाई खूश. आम्ही सोळा भाज्यांच्या मागे लागलो. दुपार होत आली, पुरण झालं, आंबील झाली, नैवेद्याची ताटं मांडायची, तेवढ्यात मी पाणी टाकायला मागे गेले आणि पाहिलं तर डोह पांढरा दिसत होता. मासे पोट वर करून तरंगत होते. काठावर बेडकं उलटी पडली होती, एक खंड्या चिखलात पंख पसरून बसला होता, उडत नव्हता. मी बाईंना हाक मारली. त्या आल्या, पाहिलं, सारवण गेलेल्या उताराकडे पाहिलं... आणि पहिला प्रश्न विचारला, "खालच्या वस्तीतलं कोनी मासे नेले का गं?"

नेले होते. पोरं टोपल्या भरून घेऊन गेली होती. फुकट मासे कोण सोडतो? बाईंनी पदर खोचला आणि काठाकाठाने निघाल्या. मागे सासूबाई ओरडत होत्या, नैवेद्य राहिलाय म्हणून. मी बाईंच्या मागे पळाले.

खालची वस्ती म्हणजे दोन-एक वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्या लोकांची. आमच्या घरातल्या बायका तिथं कामापुरतं बोलावणं धाडत, स्वतः जात नसत. बाई दारोदार ओरडत गेल्या, "मासे खाऊ नका! पोरायले देऊ नका!" काठावर भाजून खाल्लेल्या दोघा-तिघा पोरांना उलट्या सुरू झाल्या होत्या. ती संध्याकाळपर्यंत सावरली, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? शेवटच्या घरात पार्वताबाईंच्या चुलीवर कालवण रटरटत होतं. पार्वताबाई आमच्याच वावरात निंदायला येत. त्यांचा थोरला मुलगा अमरावतीला कॉलेजात होता, आणि त्यांच्या जिभेला धार होती.

"पार्वताबाई, ते सांडा. खड्डा करून पुरा."

"कावून व? तुमच्या घरी आज सोळा भाज्या, अन् आमच्या भांड्यातले चार मासे बी तुमाले दिसतात?"

"माह्या सांदवाडीतलं पानी गेलं डोहात. किडे मारायचं औषिध व्हतं त्याच्यात. मीच सारवलं."

"कोनाचं औषिध?"

बाईंनी मागे पाहिलं. दारात तोवर माणसं जमली होती. "आमच्या बापूच्या दुकानातलं," त्या म्हणाल्या. मग वाकून त्यांनी स्वतः चुलीतली लाकडं ओढली आणि पाण्याचा तांब्या ओतून जाळ विझवला.

घरी आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. परातीत पुरणपोळ्या रचल्या, आंबिलीचं भगुणं माझ्या हातात दिलं. सासूबाई दारात आडव्या. "नैवेद्य दाखवला नाई अन् तू अन्न भाईर नेऊन राहिली?" बाई म्हणाल्या, "देवी तीन दिस हाय, आत्याबाई. त्यायची चूल मी इझवून आली." आणि बाजूने निघून गेल्या. पण वस्तीत परात उतरवली तर पार्वताबाईंनी हात लावला नाही. "आमी आता कोनाचं उष्टं घेत नाई, बाई. देवाचा परसादबी घेत नाई. सोडलं आमी ते."

"उष्टं नाई. देवीपुढंबी नाई गेलं अजून. तुमच्या आंधी कोनीच जेवलं नाई."

पार्वताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं आहे, आम्ही सकाळपासून उपाशीच आहोत. त्या एकदम हसल्या. "मंग बसा. उपाशी बाया दारातून कशा धाडू?" आम्ही बसलो. पोळी तर झालीच, वर त्यांच्या हातचा बिनदुधाचा चहा झाला. चहाचं मी सासूबाईंना सांगणार नव्हते, पण बाईंनीच सांगून टाकलं.

त्या दिवशी घरात नैवेद्य पार ऊन कलल्यावर झाला. हे ओट्यावर बसले होते. त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं होतं, नावासकट. बाई ताट घेऊन आल्या तसे म्हणाले, "वयनी, घरातलं घरात ठेवता येत नव्हतं?"

"मासे घरात व्हते का, बापू?"

"चिमूट सांगतली व्हती मी. दोन डबे कोनं टाकाले सांगतले?"

"कोनंच नाई. मीच टाकले. थे बी सांगतलं मी तिथं."

"मंग माहं नाव कावून घेतलं?"

"तिनं इचारलं."

हे ताटावरून उठले. संध्याकाळच्या गाडीने आम्ही अकोल्याला आलो. त्यानंतर यांनी त्या घरी घास खाल्ला नाही. वावराच्या कामाला जात, थोरल्या भावाशी, म्हणजे माझ्या भासऱ्यांशी, ओट्याखाली उभ्या उभ्या बोलत आणि जेवायला जवळच्या अमरावतीच्या खानावळीत जात. यांचं काही अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. बाईंनी जाहीर केलं की ती पावडर पुन्हा आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि ज्याची भावजय त्याचा माल घरात घेत नाही, त्याच्याकडून गाव काय घेणार? वलगावच्या लोकांनी आमचं दुकान सोडलं. तीच पावडर ते अमरावतीहून आणून कपाशीवर मारत राहिले, ही त्यातली गंमत. दुकान नुकतं उभं राहत होतं, यांना ते फार लागलं. बाईंनाही लागलं होतं. मी दर महालक्ष्म्यांना मुलांना घेऊन जाई. हातपाय धुण्याआधी त्या विचारत, "बापू आला का?" मी म्हणे, दुकान आहे. त्या म्हणत, "हौ." आणि पोळ्या लाटायला लागत.

सांदवाडी मात्र बाईंनी बदलून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं वाचलं नव्हतं. आपण खाली काय धाडतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांना उतार बघवत नव्हता, एवढंच. आधी त्यांनी सांदवाडीच्या खालच्या कडेला आडवा चर खणला, उतारावरचं पाणी त्यात अडावं म्हणून. पहिल्या पावसात तो गाळाने भरून गेला. पुन्हा खणला. मग पार्वताबाईंनी नदीच्या वरच्या अंगाहून वाळ्याचे गड्डे उपटून आणले आणि दोघींनी चराच्या काठाने लावले. वाळ्याची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. न्हाणीचं पाणी अळू आणि केळीत वळवलं. पाला, राख, शेण एका खड्ड्यात जाऊ लागलं आणि वर्षाने तेच मांडवाखाली. गल्लीतली कुणी टोपली घेऊन नदीकडे निघाली की बाई ओट्यावरून हाक देत, "कुठं चालली व? पेढी काय तुह्या बापाचा उकिरडा हाय? टाक माह्या खड्ड्यात." बायका चिडत, पण टाकत. खत बाईंनाच मिळतं, म्हणून काहींनी पुढे आपापले खड्डे खणले.

सगळं साधलं असं नाही. कडुनिंबाचा पाला उकळून तो काढा त्यांनी गरम असतानाच वालावर शिंपला आणि अख्खा मांडव करपवला. एका वर्षी वांगी किड्यांनी इतकी खाल्ली की चंपाषष्ठीला भरतासाठी वांगी चांदूर बाजारहून मागवावी लागली. मी म्हटलं, "बाई, तेवढ्या वांग्यांपुरती तरी पावडर..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य पुरं केलं नाही. सडा त्या घालत, सारवत, पण फक्त घराभोवती. खालच्या अर्ध्या जागेत त्यांनी गवत वाढू दिलं. सासूबाई जाईपर्यंत त्याला जंगल म्हणत. झाडून झाडून हात झिजवलेल्या बाईला गवत वाढू देणं किती जड गेलं असेल, ते मी जवळून पाहिलंय. सुरुवातीला त्या तिकडे पाठ करून बसत. मग त्या गवतात मुंगसाने पिलं घातली. डोहात बेडकं आधी आली, मासे दोन पावसाळ्यांनी. खंड्या आला त्या दिवशी त्यांनी मला अकोल्याला मुद्दाम निरोप धाडला होता. मी तो यांना सांगितला. हे डबे मांडत राहिले.

गेल्या हिवाळ्यात पोटाच्या दुखण्यासाठी त्यांना अकोल्याच्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं, आणि त्या आमच्याकडे आठवडाभर राहिल्या. दिराच्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. हे नीट वागले. दवाखान्यात स्वतः नेलं, संत्री सोलून दिली. दुकानामागच्या मोरीत पावडरीची मापं आणि फवारणीचे पंप धुतात, ते बाईंनी पहिल्याच सकाळी पाहिलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "बापू, ते मोरीचं पानी कुठं जाते?"

"नालीत. नाली मोर्नेत."

"मोर्ना नदीच ना? खाली कोनी पेत असन."

यांचा हात ताटात थांबला. "वयनी, ह्या दुकानावर माही पोरं शिकली."

"मले माहीत हाय. बंद कर म्हनलं का मी? इचारलं फक्त."

जाण्याच्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून विचारलं, "यंदा महालक्ष्म्यायले येशीन?" हे म्हणाले, "पाहू." इतक्या वर्षांत तेवढा एक शब्द वाढला होता. गाडी गेली. पुढच्या आठवड्यात मोरीखाली गडी लावून मी शोषखड्डा करून घेतला, दगड आणि रेती घालून. खर्च कशाचा म्हणून यांनी विचारलं नाही. पण महालक्ष्म्यांपर्यंत बाई राहिल्या नाहीत. वैशाखातच गेल्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत न्यायच्या, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. राख आमच्याकडे नेहमी घाटावरून पेढीत सोडतात. सासऱ्यांची सोडली, सासूबाईंची सोडली. पण या दिवसांत पेढीत असतं काय? घाटाखालचा तेवढा डोह, आणि त्याच्या कडेला वाळूतला झिरा. आम्ही गेलो तेव्हा तिथं बायका पाणीच भरत होत्या, पार्वताबाईही होत्या. आम्हाला पाहून त्या रिवाजाप्रमाणे बाजूला झाल्या आणि भरलेल्या घागरींवर पदर धरून उभ्या राहिल्या. राखेचं घमेलं बाईंच्या मुलांनी यांच्याच हाती दिलं होतं. हे पाण्यापाशी गेले, वाकले, आणि तसेच परत सरळ झाले.

चुलत सासरे म्हणाले, "सोड ना, बापू. कावून थांबला?"

"इथं नाई सोडाची."

"मंग कुठं? मायची राख इथंच सोडली ना तू?"

"भर पुरात सोडली व्हती, काका. आता हे साचलं पानी हाय. लोक पेऊन राहिले." मग जरा आवाज चढवून म्हणाले, "वयनीले चालनार नाई."

कुणी तरी रीत म्हणालं, कुणी शास्त्र म्हणालं. भासरे आतापर्यंत एका दगडावर बसून होते. फार कमी बोलणारा माणूस. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चाल, सांदवाडीत नेऊ." पुढे ते, मागे घमेलं घेऊन हे, आणि मग आम्ही सगळे, घाटाच्या पायऱ्या चढून परत घरी. चराशी आल्यावर हे गुडघ्यावर बसले. वाळ्याच्या एकेका गड्ड्यापाशी त्यांनी हाताने माती उकरली, मूठ मूठ राख घातली आणि माती परत लोटून दाबली. चर लांब आहे, वेळ लागला. भासरे फावडं घेऊन उभे होते, पण यांनी ते मागितलं नाही. गवतातून मुंगूस एकदा बाहेर आलं, माणसं पाहून परत आत गेलं. काम संपल्यावर यांनी अळूपाशी हात धुतले आणि ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला, पूर्वी बाई त्यांना ताट आणून देत त्या जागी, भिंतीशी जाऊन बसले. शेजारून दुःखाच्या घरी देतात तसं भाकरी आणि पिठलं आलं होतं. मी ताट वाढावं की नाही, हे मला ठरवता येईना. यांनीच मान वर केली आणि म्हणाले, "कमल, मले वाढ."

मी वाढलं. अर्धी भाकर त्यांनी खाली बघतच खाल्ली. मग दुसरी मागितली.